बाबालालचाचांची वही

"तुम्ही शब्द का दिला नाहीत?"

बाबालालचाचांनी मान वर केली नाही. ते स्टुलावर बसून एका पायजम्यात नाडी ओवत होते. पिन निम्म्यात अडकली होती आणि चाचा ती कापडावरून चिमटीनं पुढं सरकवत होते, जणू दुपारभर दुसरं काही कामच नाही.

"चाचा, मी विचारतेय तुम्हाला."

"ऐकतोय की."

"मग बोला."

"नाडी आत गेली तर परत पहिल्यापासनं. थांब जरा."

इंद्रायणी थांबली. थांबणं तिच्या रक्तात नव्हतं. ती रिकाम्या रंगमंचावर चार पावलं गेली, चार पावलं परत आली. म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारला की त्यांना हमखास एखादं काम आठवतं, हे तिनं आजवर शंभर वेळा पाहिलं होतं.

पिन बाहेर आली. चाचांनी नाडीची दोन्ही टोकं सारखी केली, गाठ मारली आणि पायजमा मांडीवर ठेवला.

"हां. काय म्हणालीस?"

"काल महादेवी अडली. भर प्रयोगात. वही तुमच्या हातात होती. अकरा सेकंद ती पोरगी तशीच उभी होती आणि तुम्ही नुसते तिच्याकडे बघत बसलात."

"अकरा?"

"मोबाईलवर मोजली मी. एकानं प्रयोग चित्रित केलाय."

चाचांनी मान डोलावली.

"अजून पाचएक लागली असती," ते म्हणाले.

इंद्रायणीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

*

इचलकरंजीत यंत्रमागांच्या गल्लीला लागून एक जुना हॉल आहे. तिथे दर रविवारी 'पहिली घंटा' नावाचा नाट्यवर्ग भरतो. दहा ते वीस वयाची मुलंमुली येतात. बहुतेकांचे आईबाप मागावर, नाहीतर सुताच्या कांड्या भरायच्या कामावर. घरात आणि घराबाहेर सारखा खडखडाट. त्यामुळे ही मुलं एक तर ओरडून बोलतात, नाहीतर बोलतच नाहीत.

इंद्रायणी चौगुले याच वर्गात वाढली. पुण्याला जाऊन नाट्यशास्त्र शिकून आली आणि तेविसाव्या वर्षी तिनं वर्ग हातात घेतला. आल्या आल्या बरंच काही मोडीत काढलं. पाया पडणं बंद. मुलांवर खेकसणं बंद. 'आमच्या वेळी' हे दोन शब्द हॉलमध्ये उच्चारायला बंदी.

बाबालाल मुजावर तेवढे राहिले.

चाचा प्रॉम्प्टर. दिवसा मागावर आणि संध्याकाळी विंगेत, अशी चव्वेचाळीस वर्षं त्यांनी काढली होती. माग सुटला, विंग सुटली नाही. नट अडला की त्याला पुढचा शब्द हळूच द्यायचा, एवढंच काम. त्यांची एक जाडजूड लाल वही होती, लालच कापडाच्या बासनात बांधलेली. प्रयोगाआधी तिच्यावर एक फूल ठेवायचं, तिसरी घंटा झाल्याशिवाय ती उघडायची नाही आणि दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, हा रिवाज. नवं नाटक आलं की चाचा त्याची प्रत घरी न्यायचे आणि चार दिवसांनी "झालं माझं" म्हणून परत द्यायचे.

इंद्रायणीला हे सगळं जुनाट वाटे. फूल तर फारच. पण वर्गात होती तेव्हा रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी तीही मान वळवून ती लाल वही बघायची. त्यात विशेष काही नव्हतं. सगळेच बघायचे.

काल, शनिवारी, तिनं लिहिलेल्या 'कडी' नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यात मोठी बहीण पहाटे घर सोडून जाते. सगळं घर जमतं. काका धाकटीला मधोमध उभं करून विचारतो, "कडी कुणी काढली?" आणि धाकटी सांगते, "मी काढली."

अख्खं नाटक त्या दोन शब्दांसाठी लिहिलं होतं.

धाकटी म्हणजे महादेवी कुंभार. वय सतरा. वर्गात आली तेव्हा पहिले चार महिने तिनं तोंड उघडलं नव्हतं. हजेरीला नुसता हात वर करायची. तिचा बाप सिद्राम मागावर कामाला. त्यानं जन्मात पहिल्यांदा नाटक पाहिलं ते काल. पोरीला यापुढे वर्गाला धाडायचं की नाही, ते बघून ठरवतो म्हणाला होता.

काकानं विचारलं, "कडी कुणी काढली?"

महादेवी गप्प.

...

इंद्रायणी अलीकडच्या विंगेत होती. तिनं पलीकडच्या विंगेत चाचांकडे पाहिलं. वही मांडीवर, ओठ मिटलेले. तिनं हात हलवला. चाचांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

महादेवी अजून गप्प. हॉल गप्प.

शेवटी इंद्रायणीच्याच तोंडून शब्द सुटला. "मी काढली."

जरा मोठ्यानं सुटला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ओ काका, त्या पोरीला सोडा. कडी काढणारी पडद्यामागं हाय."

तीनशे माणसं हसली.

महादेवीनं उरलेली वाक्यं भराभर उरकली आणि तोंडावरचा रंगही न पुसता, नाटकातल्या कपड्यांतच ती घरी गेली.

*

"अजून पाच?" इंद्रायणी म्हणाली. "अजून पाच सेकंद तिला तसंच ठेवायचं होतं तुम्हाला?"

"मी कोण ठेवणार?"

"पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलायचं, वर काठावर बसून बघायचं आणि त्याला शिकवणं म्हणायचं. तुम्हा जुन्या लोकांचं हे असंच असतं."

"मी शिकवत नाही बाई. शिकवतेस तू. मी प्रॉम्प्टर."

"प्रॉम्प्टर आहात ना? मग शब्द द्यायचा होता."

चाचांनी पायजम्याची घडी घातली. घडीवरून तळहात फिरवला.

"तिचा अंगठा बघितलास?"

"काय?"

"पायाचा. उजव्या."

"मी तिचा चेहरा बघत होते."

"चेहरा नाटकात असतोय," चाचा म्हणाले. "विसरलेल्या माणसाचा अंगठा उचलतोय. खाली काय सापडतंय का, बघितल्यागत. चपलेत असला तरी कळतंय. ही तर अनवाणी होती."

पुण्यात तीन वर्षं इंद्रायणी शरीराबद्दल, श्वासाबद्दल, आवाजाबद्दल वाचत आली होती. पायाच्या अंगठ्याबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नव्हती.

"एका मुलीचं सगळं मोडलं," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला अंगठा सांगताय."

"मागावर ऐकू काय येतंय? बघायचंच शिकतो माणूस."

"चाचा, मी नऊ वर्षं या वर्गात होते. नऊ वर्षांत मला तुमच्याकडून एकदाही शब्द घ्यावा लागला नाही. एकदाही."

"नाही लागला."

"मला माहिती आहे रंगमंचावर कसं उभं राहायचं. मला माहिती आहे कुणाला कधी मदत लागते."

"असंल."

हे 'असंल' तिला चपराकीपेक्षा जास्त लागलं. सकाळपासून ती एक वाक्य घोळवत होती. ते ऐकून चाचा चिडतील, चव्वेचाळीस वर्षांचा हिशेब मांडतील, कदाचित डोळ्यांत पाणीही आणतील, आणि मग आपण शांतपणे पण ठाम राहायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

"आज वही मला द्या. संध्याकाळी विंगेत मी बसते."

चाचा उठले. भिंतीतल्या कोनाड्यातून लाल बासन काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

"घे."

...

इंद्रायणीचे हात लगेच पुढे झाले नाहीत. ज्या वस्तूला गावात कुणी हात लावला नव्हता ती असं भाजीची पिशवी दिल्यासारखी कुणी देतं का?

तिनं वही घेतली. इतक्या नाटकांची वही मणभर जड असेल असं तिला लहानपणी वाटायचं. तसं काही नव्हतं.

"तिसऱ्या घंटेला उघड," चाचा म्हणाले.

"हे रिवाज बिवाज मला..."

"तुझी मर्जी."

ती तिथेच गाठ सोडायला लागली. तेवढ्यात हॉलचं दार करकरलं.

*

महादेवी होती. हातात कापडी पिशवी. पिशवीत कालचं निळं परकर-पोलकं, धुऊन, घडी घालून.

"कापडं आणल्यात, ताई. धुतल्यात."

"आणलीस कशाला? संध्याकाळी घालूनच यायचं होतंस."

"मी येत न्हाई."

इंद्रायणीनं बासन बगलेत मारलं आणि तिच्यापाशी गेली. "अप्पा काय म्हणाले?"

महादेवीनं उजवा हात छातीपुढे आडवा धरला, तळवा खाली, आणि एकदाच खाली दाबला.

मागाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्या गल्लीत माणसं हातानं बोलतात. ही खूण तिथलं शेंबडं पोरही ओळखतं. माग बंद कर.

इंद्रायणीनं एक खुर्ची पुढे ओढली.

"बस इथे," ती म्हणाली. वर्गात वापरायचा मऊ आवाज तिनं काढला. "ऐक. काल तू विसरलीस. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. मोठमोठे नट विसरतात. चूक तुझी नाही. ज्यांनी शब्द द्यायचा होता त्यांनी दिला नाही."

"मी इसरलो न्हवतो."

"अगं, कबूल करायला काय हरकत आहे?"

"ताई, मी इसरलो न्हवतो."

इचलकरंजीकडच्या मुली अशाच बोलतात, आलो-गेलो करत. इंद्रायणीही बोलायची. पुण्यात तिनं ते सोडलं.

...

"मग थांबलीस का?"

महादेवीनं चाचांकडे पाहिलं. चाचा कपड्यांच्या पेटीचं झाकण लावत होते. त्यांनी काही मदत केली नाही.

"आमच्या भिंतीला लागून माग हाय," महादेवी म्हणाली. "चार माग. रात-दीस चालत्यात. लाईट गेली की पलीकडं जनरेटर. मी जल्मल्यापासनं कधी गप झालेलं ऐकलंच न्हाई."

ती थांबली. ही थांबणारीच मुलगी होती. इंद्रायणी तोंड उघडणार होती, तिनं मिटलं.

"काल काकानं इचारलं आणि समदी गप झाली. तीनशे माणसं. बाळं बी. माझा अप्पा बी, हात मांडीवर घिऊन. माझ्यासाठी गप झाली, ताई. मी काय सांगतोय ते ऐकायला."

...

"मला ते जरा ऐकायचं हुतं. मग बोलणारच हुतो."

इंद्रायणीनं बगलेतलं बासन हातात घेतलं.

"आणि मग तुमी बोलला," महादेवी म्हणाली.

हॉलबाहेर माग चालू होते. सकाळपासून चालूच असणार. इंद्रायणीला ते आत्ता ऐकू आले.

माफी कशी मागायची हे ती मुलांना शिकवत असे. आधी 'पण' गाळायचा. मग 'मला वाटलं' गाळायचं. जे उरेल तेवढंच बोलायचं. तिनं मनातल्या मनात एकेक शब्द गाळला. उरले दोन.

"मी मोडलं."

एवढं म्हणायला तिला अकरा सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. या वेळी कुणी तिला शब्द दिला नाही.

महादेवीनं नुसती मान हलवली. हो म्हणून.

"आज ये," इंद्रायणी म्हणाली. "मी अलीकडच्या विंगेतही नसेन. वही परत चाचांना देते. घ्या चाचा."

तिनं बासन पुढे केलं. चाचांनी हात मागं बांधले.

"तूच बसणार म्हणालीस."

"ते मी मघाशी म्हणाले."

"मग बस की."

"ताई बसणार असंल तर मी न्हाई येत," महादेवी म्हणाली. रागानं नाही. आज वरण नको म्हणावं तसं.

चाचा तिच्यासमोर उकिडवे बसले. गुडघे वाजले. जरा वेळ ते तिच्या पायांकडे बघत राहिले, मग तोंडाकडे.

"काल तू उभी राहून गप्प होतीस," ते म्हणाले. "आज हिला बसून गप्प राहायचंय. जास्त अवघड कुणाचं?"

महादेवीनं इंद्रायणीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत. काल हसणाऱ्या तीनशे जणांनी महादेवीला पाहिलं असेल तसं.

"ताईचं," ती म्हणाली.

आणि पिशवीतून परकर बाहेर काढला.

*

संध्याकाळी हॉल पुन्हा भरला. काल हसलेले त्यात होतेच, आणि त्यांनी ज्यांना सांगितलं तेही होते. सिद्राम कुंभार नव्हता. "काल बघितलं तेवढं बास," असं म्हणून तो कामावर गेला होता. महादेवी त्याला न सांगता आली होती.

चाचा तिसऱ्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन बसले होते. चव्वेचाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांना नाटक समोरून दिसणार होतं.

इंद्रायणी त्यांच्या स्टुलावर. मांडीवर लाल बासन. वरचं फूल काढून टाकायचं तिच्या मनात आलं होतं, पण मुलं बघत होती.

पहिली घंटा. दुसरी.

काळजी करण्यासारखं काही नव्हतं. नाटक तिचंच होतं. पण लिहिणाऱ्याला आपलं नाटक पाठ असतं ही खोटी गोष्ट आहे. सात वेळा फिरवलेल्या वाक्यांतलं शेवटी कुठलं ठेवलं, ते वहीलाच माहीत.

तिसरी घंटा झाली. तिनं गाठ सोडली. वही उघडली.

पहिलं पान कोरं होतं.

असेल. काहीजण पहिलं पान सोडतात. तिनं दुसरं उलटलं. तिसरं. मग घाईघाईनं दहा-वीस पानं एकदम.

पानांचे खालचे कोपरे अंगठ्यानं उलटून उलटून काळपट झालेले, जुन्या नोटेसारखे मऊ पडलेले. बाकी सगळीकडे काही नाही. एक अक्षर नाही. एक रेघ नाही.

...

तिनं शेवटचं पान पाहिलं. तेही तसंच.

तिला आधी वाटलं, म्हाताऱ्यानं सूड उगवला. दुसरी वही बांधून दिली. मग ते काळे कोपरे पुन्हा दिसले. एवढे काळे व्हायला एक जन्म लागतो.

पडद्याच्या फटीतून तिनं तिसऱ्या रांगेत पाहिलं. चाचा रंगमंचाकडे बघत होते.

पडदा सरकला.

काकाचं काम करणारा पोरगा तिच्या शेजारून आत जाणार होता. पाऊल टाकण्याआधी त्यानं मान वळवली. तिच्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं. ती आहे एवढंच पाहिलं. त्याचे खांदे खाली आले आणि तो आत गेला.

मागून आई झालेली पोरगी. तिनंही पाहिलं.

मग आजोबा. मग शेजारीण.

सात मुलं. सातांनी मान वळवली. सातांना वहीचा लाल पुठ्ठा दिसला आणि सातांचे श्वास जागेवर आले.

नऊ वर्षं इंद्रायणी याच जागी मान वळवत होती. नऊ वर्षं तिचेही खांदे असेच खाली येत होते. एकदाही शब्द लागला नाही, असं ती दुपारीच छातीठोक सांगून बसली होती.

मग तिनं नऊ वर्षं बघितलं काय?

उठून जावं असं तिला वाटलं. ओरडावं असंही वाटलं. रंगमंचावर वाक्यं पुढे सरकत होती आणि आई झालेली पोरगी बोलता बोलता डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेकडे बघत होती.

इंद्रायणीनं पान उलटलं. कोऱ्यावरून कोऱ्यावर.

पोरीची नजर निश्चिंत होऊन परत गेली.

आता वहीत बघण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तिनं मुलांकडे बघितलं. मानेकडे, बोटांकडे, पायांकडे. दोन महिने तिनं ही मुलं बसवली होती. आजोबा झालेला पोरगा खोटं बोलायच्या वाक्याआधी टाच घासतो, हे तिला आज दिसलं.

*

"कडी कुणी काढली?" काकानं विचारलं.

महादेवी गप्प.

...

मागच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरला. कालचाच असेल. शेजारच्यानं त्याला कोपर मारलं.

इंद्रायणीच्या दातांमागे तो शब्द येऊन उभा राहिला. मी काढली. नुसते दोन शब्द. तिनं ओठ दातांत धरला आणि खाली पाहिलं.

महादेवीचा उजवा पाय. निळ्या परकराची किनार. अंगठा फळीवर टेकलेला. स्वस्थ.

...

एक बाळ रडलं आणि आईनं पदरात घेतल्यासारखं गप्प झालं. पंखा फिरत होता. काका झालेल्या पोराच्या कपाळावर घाम दिसत होता. पाच सेकंद झाली असतील, पंधरा झाली असतील, तिनं मोजली नाहीत. तिनं फक्त अंगठा पाहिला.

...

हळूहळू तो खाकरणाराही पुढे वाकला. बाहेरचे माग होते तिथेच होते, पण हॉलमध्ये कुणाला ते ऐकू येत असतील असं वाटत नव्हतं.

"मी काढली," महादेवी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. शेवटच्या रांगेला तो ऐकू गेला, कारण त्या वेळी तिथं ऐकायला दुसरं काहीच नव्हतं.

इंद्रायणीनं हे वाक्य लिहिलं होतं, सात वेळा फिरवलं होतं, पोरीकडून शंभर वेळा म्हणवून घेतलं होतं. तिनं ते आज पहिल्यांदा ऐकलं.

"मी काढली," महादेवी पुढे बोलत गेली. "गार होती कडी. ती रडत होती. मला म्हणाली, आवाज करू नकोस. जाताना तिनं माझ्या हातात..."

ती थांबली.

हॉल पुन्हा श्वास धरून राहिला. कुणाला काही वाटलं नाही. मघाचीच शांतता ती, असं सगळ्यांना वाटलं.

महादेवीचा अंगठा फळीवरून उचलला होता.

इंद्रायणीला कोऱ्या पानाकडे बघायला वेळ झाला नाही. तिनं शब्द दिला की नुसता श्वास सोडला, तिचं तिलाच कळलं नाही. एवढंच, की ओठ हलले.

"...बांगडी ठेवली," महादेवी म्हणाली. अंगठा खाली टेकला. "काचेची. ही बघा."

तीनशे माणसांत कुणालाही ते कळलं नाही. तिसऱ्या रांगेतल्या एकानं फक्त मांडीवरची टोपी उचलली, झटकली आणि पुन्हा मांडीवर ठेवली.

*

शेवटी सगळी मुलं हात धरून ओळीनं उभी राहिली. टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या.

महादेवी समोर बघत नव्हती. ती बाजूच्या दाराकडे बघत होती.

दारात सिद्राम उभा होता. केसांवर, भुवयांवर कापसाचं तूस. तसाच कामावरून उठून आलेला. कधी आला आणि किती बघितलं, कुणी पाहिलं नव्हतं. तो टाळ्या वाजवत नव्हता. त्यानं उजवा हात वर केला, मूठ केली आणि हवेत सावकाश एक गोल फिरवला.

माग चालू ठेव.

महादेवीनं तीच खूण त्याला परत केली. ओळीतल्या दोन मुलांचे हात त्यात सुटले आणि ओळ वाकडी झाली.

पडदा पडला. विंगेत एकच गलका. काका मिशी काढत होता, आजोबा शेजारणीला पाणी मागत होता, कुणीतरी महादेवीला उचलून घेतलं होतं आणि ती "सोडा की, पडीन" म्हणत होती. आता तिचा आवाज चांगला मोठा होता.

चाचा मागच्या दारानं आत आले. इंद्रायणी स्टुलावरच होती. वही अजून उघडी, मांडीवर.

ती उठली. विचारायचं एवढं होतं की कुठून सुरू करावं ते कळेना. तुम्ही किती जणांना फसवलंत? मला किती वर्षं? सगळी नाटकं तुम्हाला पाठ होती का? काहीच पाठ नव्हतं का? आणि लोक ज्या वहीवर फूल ठेवत आले...

तिनं वही दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

"चाचा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "ही वही कोरी आहे."

चाचांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मुलं रंग पुसत होती. त्यांनी वही मिटली, बासनात गुंडाळली, गाठ मारली आणि तिच्याच हातात परत दिली.

"हळू बोल," ते म्हणाले. "पोरं ऐकतील."